साळूकाकूचे हलते चित्र

मी, बहिरू गोटीराम डोखळे, वय ४९, धंदा लग्नाचे शूटिंग, मूळ गाव दिंडोरी तालुक्यात, हल्ली राहणार सिडको, नाशिक. गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी देवघराचा खालचा कप्पा उघडला, कुंकवाच्या डब्यामागचे मेमरी कार्ड काढले, संगणकाला लावून अकरा मिनिटे पाहिले आणि होते तिथे परत ठेवले. मग हे लिहायला बसलो. सोमवारी माझी बायपास आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही, आणि देवासमोर बसल्यामुळे खोटे लिहिण्याची सोयही नाही.

१. राहते घर पत्नी उज्वला हिचे. लग्नसराईत मी कधी घरी नसे. घर तिनेच घर ठेवले.

२. बँकेतील सर्व शिल्लक मुलगी आरोही हिच्या शिक्षणासाठी. ती कॅमेऱ्याच्या धंद्यात आली तर तिला कोणी अडवू नये, नाही आली तर कोणी विचारू नये.

३. गावच्या जमिनीतला माझा वाटा बहीण भाग्यश्री हिला. तिने कधी मागितला नाही, म्हणून.

४. माझा जुना ट्रायपॉड गावच्या शाळेला, गॅदरिंगच्या कामासाठी. सत्तावीस वर्षांत त्याचा एक पाय कधी सरकला नाही. तो चुलतभाऊ ललित याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

याचे कारण लिहून ठेवतो. ललित माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. या धंद्यात त्याला मीच आणले. श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून कॅमेरा कसा धरायचा ते मीच शिकवले. तो शिकला आणि मग विसरला. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या बायकांवर त्याने एक फिल्म केली, सगळी हातात कॅमेरा धरून. चित्र इतके हलते की मला मळमळले. पुण्यात ती दाखवली तेव्हा लोक उभे राहिले. म्हणे, कॅमेरा बायकांबरोबर चालतो. एखाद्या लग्नात माझा हात एवढा हलला असता तर मुलीच्या बापाने मला जेवूही घातले नसते. माझा हलला तर दोष आणि त्याचा हलला तर कला, हे मला आजतागायत पटलेले नाही. उज्वला मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं चित्र सरळ असतं हो. त्याचं आपल्याला तिथं नेऊन बसवतं." त्यानंतर मी आठ दिवस मेथी खाल्ली नाही.

५. लग्नांच्या सर्व कॅसेट ज्याच्या त्याच्या घरी पोचवाव्यात. एक मात्र आरोहीने ठेवावी. मोहाडीच्या एका लग्नातल्या पंगतीत माझी आई चंद्रभागा चार सेकंद दिसते. हातात वरणाची बादली आहे, तोंड अर्धेच दिसते. मी हजारभर लग्ने टिपली. माझ्याजवळ आईचे चित्र आहे ते एवढेच. तेव्हा कॅमेरा नवरदेवावर लावलेला होता आणि मी तो हलवला नाही.

६. वर सांगितलेले मेमरी कार्ड माझ्या अस्थींबरोबर रामकुंडात सोडावे. कोणी उघडून पाहू नये.

हे कार्ड ललितचे आहे. त्याची आई, म्हणजे माझी साळूकाकू, तीन वर्षांपूर्वी गेली. जाण्याच्या पंधरा दिवस आधी त्याने तिला बोलते करून टिपले आणि कार्ड कॉपी करायला माझ्याकडे दिले. मी कॉपी केली, पण आधी संगणकावर चित्राची सगळी थरथर काढून टाकली. थरथर काढताना चित्राच्या कडा कापल्या जातात, त्या कापल्या. मला त्याला दाखवायचे होते की काकू स्थिर कशी दिसते. पाहून शाबास म्हणेल असे वाटले होते.

त्याने दोन मिनिटे पाहिले. म्हणाला, "दादा, यात आई भिंतीवरच्या फोटोसारखी दिसती. मूळचं कुठंय?"

मी म्हणालो, "मूळचं उडालं."

तो उठून गेला. कार्ड माझ्या खिशात होते.

गुरुवारी मूळचे पुन्हा पाहिले. काकू म्हणते, "नीट चेप रं. त्या डब्यात काय पाहतो? पाय हिकडं हायेत." चित्र खालीवर होते, थांबते, पुन्हा होते. कडेला, अगदी खाली, ललितचा डावा हात काकूचा पाय चेपतो आहे आणि उजव्या हातात कॅमेरा आहे. प्रत्येक दाबाला चित्र हलते. थरथर म्हणून मी जी काढली, ती त्याची सेवा होती. कडेबरोबर मी लेकालाच कापून टाकले. हे मला तीन वर्षांपूर्वीही दिसले होते. माझी आई गेली तेव्हा मी निफाडला कोणाच्या तरी हळदीत होतो. त्याच्यापाशी जन्मभराची अकरा मिनिटे आणि माझ्याकडे चार सेकंद, हे मला सोसले नाही, एवढेच खरे आहे.

पुरवणी. कलम ६ मी आज माझ्या हाताने खोडले आहे.

काल त्रिपुरी पौर्णिमा. वात लावायला बसलो, पण हात जोडवेनात. लाल कापडात कार्ड गुंडाळले आणि रिक्षाने पाथर्डी फाट्याला ललितच्या घरी गेलो. दारातच त्याच्या हातात दिले आणि कलम ६ खालचे सगळे वाचून दाखवले. तो म्हणाला, "दादा, तू घरी जा." मी आलो.

वकीलसाहेबांनी सांगितले होते की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. ललितला या कागदाने काहीही मिळत नाही. त्याचे होते ते माझ्या हयातीतच त्याला पोचले. म्हणून सकाळी निरोप पाठवला, येणार असशील तर सहीला ये.

तो अकरा वाजता आला. सगळा कागद सुरुवातीपासून वाचला. ट्रायपॉडच्या कलमावर थांबला आणि म्हणाला, "शाळेलाच दे. मला नकोच व्हता." उज्वलाने चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही. सही केली आणि सोमवारी किती वाजता दाखल व्हायचे ते विचारले. सात, मी सांगितले.

लिहून देणार : बहिरू गोटीराम डोखळे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. ललित डोखळे, चुलतभाऊ (सही)
२. सविता पगार, शेजारी, शिक्षिका (सही)

नाशिक, शनिवार, दि. १६ नोव्हेंबर २०२४