माझ्या मुलाचा ताबा कोणाकडे जाऊ नये याविषयी

मी, हॉसिया ग्रँडबेरी, वय ब्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार टॅलो क्रीक, मिसिसिपी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तारीख, वार आणि माझ्या घराचे वाटोळे करणाऱ्यांची नावे मला विनासायास आठवतात.

एक. राहते घर व परसातील जमीन माझी कन्या अर्लीन हिला देत आहे. अट एकच: माझा मुलगा कॉर्नेल, वय एक्केचाळीस, त्याच घरात तिच्याजवळ राहील. त्याचे कायदेशीर पालकत्वही तिच्याकडेच जावे.

दोन. लाकूडगिरणीतील माझी हत्यारे चर्चला द्यावीत. माझी लांब शिडी चर्चचे डीकन मॅबरी यांच्याकडे नऊ वर्षे पडून आहे. ती त्यांना बक्षीस दिली असे समजावे, म्हणजे निदान माझ्या दफनाला ते तोंड न लपवता येतील.

तीन. कॉर्नेल चार वर्षे कॉलेजकडून व सहा वर्षे व्यावसायिक संघाकडून फुटबॉल खेळला. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला धडक देऊन पाडणे हे त्याचे काम. ते त्याने चोख केले. हंगामापूर्वी डॉक्टर दहा शब्द वाचून ते परत विचारीत व किती आठवले तो आकडा लिहून ठेवीत. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा विचारीत. आकडा घसरला तर खेळाडू बाहेर. सन २००२ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक बड हॉलिफील्ड माझ्या टेबलावर तळलेला मासा खात म्हणाले,

"ग्रँडबेरीसाहेब, पोराला सांगा, आत्ता जरा ढ हो. दहातले चारच शब्द सांगायचे. मग डोकं आपटलं तरी आकडा तोच! डॉक्टर बसतोय डोकं खाजवत."

"आणि जास्त आठवले तर?" कॉर्नेलने विचारले.

"गिळून टाक, लेका!"

सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसलो, आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. कॉर्नेलने चारच शब्द सांगितले. पुढे अकरा वेळा तो मैदानात कोसळला, अकरा वेळा आकडा जुळला आणि अकरा वेळा त्याला परत खेळायला पाठवले. "ऊठ, कॉर्नेल!" म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो.

आता तो पायात बूट घालून बूट शोधतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे दहा शब्दांपैकी त्याला दोन आठवले. परतताना गाडीत अर्लीन म्हणाली, "बाबा, या वेळी तो मुद्दाम नाही चुकला."

चार. हॉलिफील्ड हल्ली माजी खेळाडूंसाठी निवास चालवतात. गेल्या रविवारी ते ताब्याचे कागद घेऊन आले. "त्याला आमच्याकडे द्या. मोठ्या सामन्याला त्याची चौपन्न नंबरची जर्सी घालून मैदानात नेऊ. पन्नास हजार माणसं उभी राहतील बघा!"

"त्यांना बसून राहायला सांगा," मी म्हणालो, आणि दार दाखवले.

हॉलिफील्ड, त्यांचा निवास व ते कॉलेज यांपैकी कोणाकडेही माझ्या मुलाचा ताबा एक दिवससुद्धा जाऊ नये.

पाच. माझ्यामागे ते न्यायालयात जातील, हे मी जाणतो. न्यायाधीश महाराज कॉर्नेलला विचारतील, "यांच्याबरोबर जाशील का?" तो उभा राहील आणि म्हणेल, "हो, सर." कृपया ही संमती धरू नये. मोठ्या माणसाला दुसरे उत्तर देण्याची माझ्या घरात मुभा नव्हती. ते मी त्याला पट्ट्याने शिकवले आहे.

वरील मजकूर पुन्हा वाचला. खाडाखोड नाही.

सही: हॉसिया ग्रँडबेरी
साक्षीदार: लुवेनिया टॅगर्ट, परिचारिका, रूफस बीमन, न्हावी
टॅलो क्रीक, दिनांक ९ ऑक्टोबर २०२५