तीन अष्टमांश इंच

फ्लिंट, मिशिगन
१५ मे १९९५

प्रिय क्लिफर्ड,

चोवीस वर्षांनी पत्र लिहिलंस आणि विचारलंस काय, तर साठ सालच्या शेवरोलेला कोणते स्पार्क प्लग बसतात! तुझ्या रसिकतेला वय शिवलेलं नाही, हे पाहून संतोष झाला. शनिवारी टोलेडोत गाडीचा लिलाव, गिऱ्हाइकांसमोर इंजिन एका दमात सुरू व्हायला हवं, हेही कळलं. घरात तू एकटाच उरल्याचं मात्र ताजा कलमात, टायरमधली हवा कळवावी तसं कळवलंस. डॅडी गेल्यापासून मीही चार वर्षं एकटीच आहे. डॅडींचं गॅरेज आता मी चालवते.

तर ऐक. पेच चौदा मिलिमीटरचा. आत शिरणारी मान तीन अष्टमांश इंच, रतीभरही जास्त नाही. पाऊण इंची मानेचा प्लगही त्याच पेचात निमूट फिरतो, सज्जनासारखा बसतो आणि आत व्हॉल्व्हच्या वाटेत उभा राहतो. म्हणूनच डॅडींचा नेम होता: प्लग बसवले की इंजिन आधी हाताने पूर्ण फिरवायचं, काही अडत असेल तर हाताला कळतं; मगच किल्ली.

याच गाडीतून तू कॅलिफोर्नियाला निघालास ती सकाळ आठवते? प्लगांचं खोकं तू आणलंस, बसवले मी. "व्हर्ना, हाताने फिरवलंस ना गं?" डॅडींनी विचारलं. मी हो म्हटलं. तू किल्ली फिरवलीस आणि आत ठण्ण! सहाव्या सिलिंडरातून लांब मानेचा प्लग निघाला, व्हॉल्व्ह वाकलेला. "दुकानात डोळे मिटून उभा होतास का रे, गाढवा? आणि निघालाय कॅलिफोर्नियाला!" डॅडी कडाडले. तू मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणालास. दुरुस्तीला आठ दिवस लागले. आठही संध्याकाळी आमच्याकडे जेवलास, मी भाजलेला चेरी पाय मागून मागून घेतलास, आणि नवव्या दिवशी गेलास. डॅडी शेवटपर्यंत म्हणत, "पोरगा गुणी, पण नजर अधू."

क्लिफर्ड, तुझी नजर निर्दोष होती. खोक्यातले सहाही प्लग योग्य होते. तो लांब मानेचा मी फळीवरून उचलला होता, नीट मापून. आठ दिवसांत तू मला काहीतरी विचारशील, असं अनुमान होतं. माप बरोबर निघालं, अनुमान चुकलं. सोबत पाच प्लग पाठवते आहे. सहाव्या जागी जुनाच राहू दे. खोकत खोकत का होईना, टोलेडोहून फ्लिंटपर्यंत शंभरेक मैल गाडी येईल. शनिवारच्या आत नीघ. सहावा माझ्या खिशात आहे. या वेळी मात्र इंजिन तू स्वतः हाताने फिरवून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

अजूनही तुझीच,
व्हर्ना