चिंध्या पाहून ओळखलं

माय, काल तुह्या नातवानं जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला. एवढीशीच गोष्ट, पण बाहेर कोणाले सांगितली त हसतीन, म्हणून तुले सांगून राह्यलो.

तू त्याले पाह्यलं नाही, तो जन्माले यायच्या आधीच गेली. उंच हाय, इथं बालाघाटात आयटीआय करते, अन् मी मराठीत बोललो त हिंदीत उत्तर देते. दिवाळीनंतर त्यानं वर्गात जाणं सोडलं. जेवण अर्ध्यावर टाकून उठे, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहे. तुह्या सुनेले वाटलं, पोरीबिरीचं काही लफडं असन. मले वाटलं, मोबाईल. दोघंही त्याच्यावर वरडत होतो. मग एक दिवस राईस मिलमधून लवकर घरी आलो, त काय पाहतो, त्यानं खिडकीच्या फटीत फाटक्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या होत्या, कूलरची जाळीही चादरीनं झाकली होती. "पापा, धीरे बोलो," म्हणे, "वो लोग सुन रहे हैं."

त्या चिंध्या मी ओळखत होतो. लांजीकडच्या आपल्या घरात तू छपराच्या कवेलूखालच्या फटी अशाच बुजवायची, जुनं लुगडं फाडून. मी लहान हाय, तू चुलीपाशी बसली हाय, अन् माह्या ताटातला पहिला घास तू खाऊन राह्यली. शेजारीण भातात जहर टाकते असं तुले कोणीतरी कानात सांगे. पोराच्या आधी आपल्याले काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून तू आधी खायची. आत्या म्हणे, "पोराचं ताट उष्टं करते, येडी." तू घास गिळून जरा वेळ थांबायची, मग ताट माह्याकडं सरकवायची, "खाय आता." बाबाले मी दोष देत नाही. लोकाईनं सांगितलं बाहेरचं हाय, म्हणून त्यानं तुले झाडफूक करणाऱ्या पंड्याकडं नेलं. त्या पंड्यानं मिरच्यांची धुनी दिली, लिंबं उतरवली, तू खोकत राह्यली. एवढ्या वर्षांत दवाखान्याचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही. मग तू बोलणंच सोडलं, अन् लोक म्हणाले, बरं झालं, शांत झाली बाई. मले अजूनही त्या शब्दाची चीड येते.

म्हणून या वेळी मी वाट पाह्यली नाही. तुह्या सुनेचा भाऊ म्हणाला, "जीजाजी, बात फैल जाएगी, लड़के का रिश्ता कौन करेगा?" मी म्हटलं, पोरगा हातात राह्यला त रिश्ता पाहू. जिल्हा दवाखान्यातून आम्हाले नागपूरले पाठवलं. तिथं एक वेगळी टीम हाय, ज्या पोरापोरींले असा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला त्याईच्यासाठी. डॉक्टरीण बाई आधी पोराशीच बोलली, आमच्याशी मागून. कोण बोलते, काय म्हणते, तुले भीती वाटते का? पोरगा घाबरत घाबरत सांगत गेला. मग आम्हाले म्हणाली, "ते आवाज खरे का खोटे यावर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला भीती वाटते, एवढं समजून घ्या." घरात आधी कोणाले असं झालं होतं का, तेही विचारलं. "माह्या आईले," मी म्हटलं. तुह्या सुनेनं माह्याकडं पाह्यलं, मग हळूच माह्या हातावर हात ठेवला.

गोळ्यांले मात्र तो तयार नव्हता. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला. "मैं पागल नहीं हूँ," एवढंच म्हणे. गोंदियाच्या अलीकडं अचानक विचारलं, "दादी ने कौन सी दवाई खाई थी?"

"कोणतीच नाही. कोणी दिलीच नाही."

"फिर क्या हुआ?"

मी सारं सांगितलं, धुनी, कवेलूखालच्या चिंध्या, ताट, तुह्यं ते चूप होणं. डब्यातले लोक ऐकत होते, म्हटलं ऐकू दे. तो खिडकीकडून माह्याकडं वळला. मग म्हणे, "पानी दो." गोळी त्यानं आपल्या हातानं काढली.

आता नागपूरच्या त्या टीममधली एक ताई त्याले फोन करत राहते. आधी क्रिकेटवर बोलते, मग झोपेवर येते. आयटीआयच्या सरांशी बोलून तिनंच अर्ध्या दिवसाचा वर्ग ठरवून दिला. आवाज सारे गेले नाहीत, "दूर से आते हैं" म्हणते. गोळीनं सुस्ती येते, पोट सुटलं, त्यावरून आईवर चिडते. पुढं काय होईन, ते डॉक्टरीणही छातीठोक सांगत नाही. पण लवकर आणलं, म्हणाली, हे फार चांगलं केलं. तिले काय माहीत, ते तुह्यामुळं झालं.

हा कागद कुठं टाकायचा, मले माहीत नाही. कपाटात ठेवून देतो. एक गोष्ट मात्र तुह्या सुनेलेही सांगितली नाही. ती ताई फोनवर त्याले विचारते, "आज कसं वाटतंय?" तेव्हा कधी कधी मले माह्याच पोराचा हेवा वाटते. बापाले असं वाटू नये, समजते मले. पण माय, तुले असं कोणी एकदाही विचारलं नाही.