आबाची घोंगडी परत पाठवतेय

नेकनूरला हरिबास, पुण्याहून अंजनाक्काचा आशीर्वाद.

तू फोनवर नुसता रडतोस, म्हणून कागद लिवला. गावाकडं येणाऱ्या वनमालाबरोबर पाठवलेल्या घोंगडीच्या घडीत ठेवलाय. मी बरी हाय. आई जेवती का?

आबानं विणलेली ही काळी-पांढरी किनार आमी कामावरच्या बाया जाळीच्या कापडावर सुईनं भरतोय, उशीच्या अभ्र्यासाठी. सरळ पट्टी जमली. कोपरा जमंना. मागावर किनार सरळच जाते, अभ्र्याला मात्र चार कोपरे लागतात. आबाला इचारणार होते, तर त्याची वाचा गेली म्हणतोस. आधी काहून सांगितलं न्हाईस?

काम देणाऱ्या बाई म्हणल्या, "काम होईस्तोवर घोंगडी ऱ्हाऊ दे."

मी म्हणलं, "बाप जायला टेकलाय. त्याला तीच अंगावर पाहिजे."

मला रविवारपर्यंत सोडत न्हाईत. तवर थांब म्हणावं त्याला.

घोंगडी आत्ताच घाल, तो जायची वाट बघू नको. किनार तोंडाकडं ठेव, पायाकडं त्यानं कधी घेतली न्हाई. त्याची बोटं किनारीवर ठेव. हलली तर कुठनं कुठं गेली, ते नीट बघ.

न्हाई हलली, तर कोपरा मी माझ्या मनानं वळवीन.

तुझी आक्का