छातीवरची जांभळी रेघ

नया बाज़ार, लष्कर, ग्वाल्हेर
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय शामला,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी शाळेत कॅथलिक मुलींना कन्फेशनसाठी, फादरना आपल्या चुका सांगायला, चॅपलमध्ये नेत आणि आपण उरलेल्या मुली बाहेरच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसायचो, ते परवा आठवलं. तू माझ्या चिवड्यातले दाणे वेचून खायचीस. एकदा विचारलंस, "ताई, आपण कुठं सांगायचं?" मी म्हटलं, "घरी. नानांना." तू हसलीस, कारण नानांना सांगणं म्हणजे आधी व्याख्यान आणि मग पेरू.

इकडे ठीक आहे. दुपारी ऊन आहे, पहाटे पंखा बंद करावा लागतो. सुधाआत्या पंच्याऐंशीच्या झाल्या. कान गेले, जीभ शाबूत. तुझ्या ध्रुवला पुण्यात नोकरी लागली हे त्यांना ओरडून सांगितलं, तर म्हणाल्या, "मग लग्नाला काय हरकत?"

मी रोज सकाळी दवाखान्यात जाते. रिटायर होऊन दीड वर्ष झालं तरी पाय रेडिएशन विभागाकडेच वळतात, असं समज. खरं म्हणजे तसं समजू नकोस. जुलैमध्ये माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली. तुला व्हायरल ताप म्हणून सांगितलं होतं. गाठ लहान होती, वेळेत सापडली, डॉक्टर समाधानी आहेत. आता पंचवीस दिवसांचा रेडिएशनचा शेक चालू आहे, सोळा झाले. चौतीस वर्षं ज्या खोलीत लोकांना झोपवलं आणि 'हिलना मत' म्हणून दार लावून बाहेर आले, तिथं आता मी झोपते. टेबल फार गार असतं. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मशीनवर मला गरिमा घेते, माझ्याच हाताखाली शिकलेली. सोमवारी तिनं माझ्या छातीवरच्या खुणा पाहिल्या आणि थांबली. घामानं एक रेघ पुसट झाली होती.

मी म्हटलं, "अरे, दिख तो रही है. थोड़ी गहरी कर दे, मेरा ई-रिक्शा खड़ा है."

"नहीं मैडम. डॉक्टर साहब देखेंगे, फिर से फिल्म होगी."

"आधा दिन जाएगा, गरिमा."

"जाने दो. अंदाज़ से नहीं. आपने ही तो सिखाया है."

फिल्म म्हणजे जागा जुळवायचा एक्स-रे; तो होईपर्यंत अडीच तास बाकावर बसले. शेजारी बिर्ला नगरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तिनं विचारलं, "आपका कौन है अंदर?" म्हटलं, "मैं ही हूँ." तिथं बसल्या बसल्या तुला लिहायचं ठरवलं. फोनवर तू 'हो ताई, बरं ताई' म्हणतेस आणि मला निसटायला सोपं जातं.

अंदाजानं नाही, हे मी गरिमाला शिकवलं ते नानांच्या त्या दिवाळीनंतर.

तुला माहीत आहे तेवढं आधी लिहिते. नानांना अन्ननलिकेचा कॅन्सर. छातीवर आमच्या जांभळ्या शाईच्या रेघा, ज्यांच्यावर मशीनचा किरण जुळवायचा. दहा शेक झाले आणि दिवाळीची सुट्टी लागली. तू इंदूरहून आली होतीस. नरकचतुर्दशीच्या पहाटे नाना हटून बसले, "आज न न्हालेला माणूस नरकात जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मला तिथं सूट आहे का?" तू येऊन मला विचारलंस, "ताई, चालेल?" मी करंज्या तळत होते. वर न बघता म्हटलं, "साबण लावू नकोस."

तू साबण लावला नाहीस. तेल लावलंस आणि उटणं चोळलंस. रेघा उटण्याबरोबर वाहून गेल्या.

विभागात आम्ही सगळ्यांना एकच वाक्य सांगायचो, 'साबुन नहीं लगाना'. आपल्या घरात त्या पहाटे साबणाच्या जागी काय असतं, हे मला आठवायला हवं होतं. तू मला विचारून केलंस. ती चूक माझी.

दुसरी तुला माहीतच नाही. सुट्टी संपल्यावर नाना टेबलावर आले. मी डॉक्टरांना सांगून पुन्हा फिल्म काढून घ्यायला हवी होती. सुट्टीनंतरची गर्दी होती, दोन दिवस थांबावं लागलं असतं, आणि नाना दमले होते. एक रेघ जराशी दिसत होती, एक तीळ मला पाठ होता. मी पेन घेतलं आणि रेघ ओढली. चार दिवस त्या रेघेवर शेक दिला. आठवड्याच्या तपासणीत दिसलं की किरण सव्वा सेंटिमीटर बाजूला पडतोय. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं, "खुणांना काय झालं?" मी म्हटलं, "घरी बहिणीनं उटणं लावलं, सर."

खोटं नव्हतं. तू मागेच उभी होतीस, हातात नानांचा थर्मास.

जूनमध्ये नाना गेले. तेराव्याला सुधाआत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कॉन्व्हेंटात शिकलेली पोर, एवढं कळू नये?" तू म्हणालीस, "माझ्याच हातानं झालं." मी फक्त तुझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या चार दिवसांनी नानांचं आयुष्य कमी झालं का, मला माहीत नाही. राहिलेले शेक डॉक्टरांनी नीट बसवून दिले, तरी आजार यकृतात गेला. पण अकरा दिवाळ्या तू ग्वाल्हेरला आली नाहीस. मागे ध्रुव आला होता तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "मावशी, आई उटणं लावतच नाही. शॉवर घे म्हणते." मला कारण माहीत होतं. मी त्याला चकली वाढली.

तू चिडशील. चीड. उत्तर आलं नाही तर मी समजेन. माझ्या आजाराची दया यात आणू नकोस, ती वेगळी गोष्ट आहे.

पत्राबरोबर पार्सल आहे. नानांची चांदीची तेलाची वाटी ध्रुवची. तो दिवाळीला घरी येईलच. वीस तारखेला पहाटे तू त्याला तेल लावायचं. चोवीस वर्षांचा घोडा लाजेल, तरी लाव. आईच्या मोत्याच्या कुड्या तुझ्या, माझ्याकडे उगाच राहिल्या. उटण्याचं पुडकं ताजं आहे, कालच आणलं, तेही तुझंच. खुणा मोजायची माझी स्टीलची पट्टी गरिमाला; ती मी स्वतः देईन, आणि का ते सांगून. सुधाआत्यांना आज दुपारी हे सगळं ओरडून सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा ऐकू आलं. म्हणाल्या, "शामलीला फोन लावून दे." मी लावला नाही. आधी हे पत्र तुला मिळू दे.

मला यंदा स्नान नाही, खुणा आहेत. नरकाचं नाना बघून घेतील.

ती रेघ ओढणारी,
तुझी ताई