आकडा चांगला आहे

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार
लागले बाई एकदाची नोकरीला! बाबा मनमाडहून पोचवायला आले. जन्म रेल्वेत गेला, पण नाशिकरोडला उतरताना माझी ट्रंक डब्यातच विसरत होते. राहणार आत्याकडे. आत्यानं आल्याआल्या कासारणीला बोलावून निळ्या बांगड्या भरल्या. हात असे गुबगुबीत की साबण लावावा लागला. कासारीण म्हणाली, पोरीला मनमाडचं पाणी मानवलंय हो!
हॉस्पिटल लहानसंच, सगळे पेशंट कॅन्सरचे. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. तिथले जुने टेक्निशियन भिमाजीकाका महिनाअखेर रिटायर होणार, मग राज्य माझं.

५ ऑक्टोबर
मुख्य काम क्रिएटिनीनचं. मांसाचा जो कचरा रक्तात उतरतो, तो किडन्या गाळून टाकतात. किडन्या दमल्या की आकडा चढतो. मुंबईहून येणारं नवं औषध किडन्यांनाच भोवतं, म्हणून दर डोसाआधी रक्त तपासायचं. आकडा १.२ च्या आत असला तरच डॉक्टरसाहेब औषध देतात. पिवळ्या द्रावणात रक्ताचा अंश घातला की नारिंगी रंग येतो. जितका गडद रंग, तितका मोठा आकडा.
यंत्र खरं बोलतंय ना, हे बघायला रोज एका धडधाकट माणसाचीही नळी लावायची. काका इतकी वर्षं स्वतःचं रक्त लावत आले. आता माझं. माझा आकडा ०.९, ठणठणीत! काका म्हणाले, ध्यानात ठेव पोरी, हडकलेल्या माणसाचा आकडा खोटं बोलतो. मांसच नाही तर कचरा येणार कुठून? मी हो हो म्हटलं. लक्ष डब्याकडे होतं, भूक लागली होती.

१९ ऑक्टोबर
आज इगतपुरीकडच्या लंकाबाई आल्या. गर्भाशयाचा कॅन्सर. भारी बोलक्या. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवून हात पुढे केला. माझा हात दाबून म्हणाल्या, तुजं हात लय भरलेत गं, थोडं मला दे की! मी म्हटलं, घ्या की, हवं तेवढं घ्या. दोघी खूप हसलो. त्यांचा आकडा ०.८.

१६ नोव्हेंबर
लंकाबाई ०.५. त्यांचे यजमान गोरक्षभाऊ पेढे घेऊन खाली आले. म्हणाले, आकडा उतरला म्हंजी दुखणं बी उतरलं, नाय का? मीही पेढा खाल्ला. लंकाबाई भिंत धरून चालत होत्या, ते मला दिसलं होतं.

७ डिसेंबर
लंकाबाई १.०. म्हणजे १.२ च्या आतच. पण तीन आठवड्यांत दुप्पट, आणि अंगावर मांस औषधालाही नाही. काकांचं बोलणं चर्रकन आठवलं. सांगायला वर गेले, तर साहेब कुणावर तरी डाफरत होते. म्हटलं, दोन महिन्यांची नवखी मी, माझं कोण ऐकतंय? कागदावर ‘नॉर्मल’ लिहून खाली आले. दुपारी औषध दिलं.

१४ डिसेंबर
लंकाबाई गेल्या. चार दिवस लघवी बंद होती. गोरक्षभाऊंनी मला, मला हात जोडले. ताई, तुमी लय केलं, आकडा तर चांगला हुता, म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तोंड उघडलं असतं तर ती बाई आज घरी असती.

२० डिसेंबर
रॅकमध्ये एक नळी जास्त. चिठ्ठीवर ‘लंकाबाई’. अक्षर माझं. मी लिहिलेली नाही, शपथ. फेकून द्यायची सोडून तपासली. ०.६. माझी स्वतःची ०.७. यंत्र बिघडलं असेल. नळ्या दहादा धुतल्या.

२७ डिसेंबर
परत तीच नळी. रक्त ताजं. त्यांचा ०.८, माझा ०.५. आत्या म्हणते, दोन भाकरी जास्त खातेस, जातं कुठं? बांगड्या साबणाशिवाय निघाल्या. आपोआप.

२ जानेवारी
त्यांचा ०.९. माझा सांगवत नाही. नळीत नारिंगी दिसतच नाही, नुसतं पिवळं.
कळलं मला. मीच म्हटलं होतं ना, हवं तेवढं घ्या —
घ्या, लंकाबाई. रागावत नाही मी. फक्त बाबांना एकदा भेटू दे —

५ जानेवारी
आज भिंत धरून वर गेले. सगळं सांगायचं, लंकाबाईंचं आणि माझंही. साहेबांनी आधी माझा रिपोर्टच घेतला. ०.२! हसले. किडन्या फर्स्टक्लास, म्हणाले, पेढे वाट. मी म्हटलं, साहेब — तोवर त्यांनी कागदावर नॉर्मलचा शिक्का मारला.

७ जाने.
उठवत नाही. पेन जड —
बाबा आलेत. आत्यानं रिपोर्ट दाखवला. पेढे आणलेत. बाहेर हसतायत सगळे.
कुणीतरी सांगा हो त्यांना. आकडा चांगला नाही, आत मीच उरले नाही —