निळा देवमासा आणि मॅडमची पिशवी

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. जागा ठरली: कपाटात, इन्कम टॅक्सच्या फायलीखाली. बायको त्या फायलीला हात लावत नाही.

मे महिन्यात रिटायर. तेहेतीस वर्षं झेडपीच्या शाळांत मास्तरकी, सर्टिफिकेट शून्य. भुसावळच्या साडूंच्या हॉलमध्ये अकरा आहेत, फ्रेम करून. त्यातलं एक तर रक्तदानाचं. आपण गेलो की साडू बरोबर त्या भिंतीखालीच बसतात. मी टीव्हीकडे बघत राहतो, बंद असला तरी.

या वर्षी नाही. २४ जानेवारीला शिरपूरला तालुका प्रदर्शन. विषय: टाकाऊ प्लास्टिकमधून कला. पहिल्या नंबराला सर्टिफिकेट, फोटोसकट. ही शेवटची संधी. आयडिया तयार आहे. इथेही लिहीत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर
लिहावी लागतेय, नाहीतर विसरेन. बारा फुटी निळा देवमासा. पोटात खाऊची रिकामी पाकिटं. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं.

शाळेत आम्ही दोघंच. हेडमास्तरचा चार्ज माझ्याकडे, आणि पहिली-दुसरीला सुलक्षणा मॅडम. चार वर्षं झाली त्यांना येऊन. फार हसतात. एवढं हसायला झेडपीत काय आहे?

मुलांनी विचारलं, देवमासा राहतो कुठे? म्हटलं, समुद्रात. समुद्र कोणी पाहिलाय? कोणीच नाही. (मीही नाही, पण ते सांगायची गरज नव्हती.) मॅडम मध्येच म्हणाल्या की तापीतला मासा करू या, नदी शाळेमागेच आहे, प्लास्टिकही तिच्यात भरपूर आहे. लगेच ओळखलं. प्रोजेक्ट छोटा करायचा, म्हणजे माझा नंबर हुकला. परीक्षकांना समुद्रच लागतो. आपण कच्च्या गुरूचे चेले नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर
नियम जाहीर केला. जो सगळ्यात जास्त रिकामी पाकिटं आणेल तो आठवडाभर मॉनिटर. मुलं पेटली.

बुधवार, १० डिसेंबर
२१२ पाकिटं! तिसरीतल्या रूपालीची एकटीची ३१. पर्यावरणाची चळवळ अशी उभी राहते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. खिचडी शिजवणारी बेबाबाई सांगत होती की मुलं जेवतच नाहीत, अर्धं पातेलं उरतं. बाईने मीठ जास्त टाकलं असणार, आता माझ्या चळवळीवर ढकलतेय. दुसरं, शाळेसमोरचा दुकानदार तोताराम. वीस वर्षांत त्याने मला साधं पाणी विचारलं नाही. या आठवड्यात दोनदा चहा पाजला, पैसेही घेतले नाहीत. दुकानात पाकिटांच्या नव्या माळा, दारापासून आतपर्यंत. "गुरुजी, चालू द्या असंच," म्हणाला. कोणी पाठवलंय याला? मॅडम त्याच्याकडूनच साबण घेतात. चहा प्यायलो, पण सावधपणे.

मंगळवार, १६ डिसेंबर
सांगाडा तयार. ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून केला. नळ्या रतिलाल नानांनी दिल्या. नाना शाळा समितीचे अध्यक्ष, त्यांची केळी शाळेच्या भिंतीला लागूनच आहे. देऊन दुपारच्या बसने सुरतला लेकीकडे गेले, नातवाचं बारसं आहे. महिनाभर तिकडेच. बरं झालं, अध्यक्ष गावात असले की फार सूचना करतात.

आता कातडी पाहिजे, निळी. पाकिटं सगळी लाल-पिवळी. तिसरी-चौथीला सांगितलं, निळं प्लास्टिक आणा, मोठं आणा, कुठून आणलं ते मला सांगत बसू नका.

गुरुवार, १८ डिसेंबर
कमाल केली पोरांनी. चौऱ्याऐंशी निळ्या पिशव्या! थंडीत केळीच्या घडाला घालतात त्या. लांबरुंद, एकदम देवमाशाच्या मापाच्या. काही दवाने ओल्या होत्या, काहींना ताजा चीक लागलेला. माझ्या शर्टाला डाग पडला. कुठून आणल्या ते विचारलं नाही. मुलांच्या उत्साहाला प्रश्न विचारू नयेत, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. बहुतेक.

संध्याकाळपर्यंत मासा उभा. मागे सरकून पाहिलं. भुसावळच्या भिंतीवर असं काही नाही.

सोमवार, २९ डिसेंबर
थंडी फार. मुलं उन्हात बसवली.

पाणी कुठेतरी मुरतंय. मॅडम आणि तिसरी-चौथीची मुलं भिंतीपाशी उभी राहून कुजबुजत होती. मी गेलो की चूप. रूपालीचे डोळे लाल. नंतर मॅडम ऑफिसात आल्या, म्हणाल्या, देवमाशाला निळा कागद लावला तर नाही चालणार का? कागद! प्लास्टिकच्या प्रदर्शनात! म्हटलं, मॅडम, विषय वाचला का? त्या काहीतरी सांगणार होत्या. मी रजेचे फॉर्म काढून बसलो. अशा लोकांना बोलायची संधी दिली की ते गोड बोलून काम साधतात.

शनिवार, ३ जानेवारी
पिशव्या ७९!! तीनदा मोजल्या. पाच गायब. शेपटीकडच्या.

उपाय केला. प्रत्येक पिशवीवर परमनंट मार्करने नंबर आणि माझी सही. आता चोर कुठेही जाऊ दे.

मंगळवार, ६ जानेवारी
६२. वर्गाची किल्ली बेबाबाईकडे असते. तिला विचारलं. म्हणे उंदीर असतील. मी विचारलं, उंदीर गाठी सोडतात का? म्हणाली, शाळेतले उंदीर आहेत, शिकले असतील. ही बाईही सामील.

शुक्रवार, ९ जानेवारी. सायंकाळी ७.००
पाठलाग केला. शाळा सुटल्यावर मॅडम निघाल्या, खांद्यावर मोठी कापडी पिशवी, फुगलेली. मागे सहा मुलं, रूपाली पुढे. मी स्कूटर ढकलत मागे. पेट्रोल होतं, पण आवाज झाला असता. मंडळी शिरली थेट रतिलाल नानांच्या केळीत! मी बांधावर बाभळीआड थांबलो. पानांमुळे आतलं दिसेना. तासाभराने मॅडम बाहेर आल्या, पिशवी रिकामी.

सगळा उलगडा झाला. नाना सुरतला, बाग मोकळी. मॅडम माझ्या पिशव्या केळीत लपवतायत. त्यांची मावसबहीण बोराडीकडच्या शाळेत आहे. तिथे दुसरा देवमासा तयार होतोय. माझ्याच कातडीचा.

पायात बाभळीचा काटा.

सोमवार, १२ जानेवारी
केंद्रप्रमुख अमृत सरांना लेखी अर्ज दिला, तीन पानी. "सदर शिक्षिका शालेय कलाकृतीची पद्धतशीर चोरी करीत असून..." एखाद्या वकिलालाही असं लिहिता आलं नसतं. सर शनिवारी येणार.

मासा अर्धा उघडा. सांगाडा दिसतो.

गुरुवार, १५ जानेवारी
मॅडमनी तिळगूळ दिला. काय हिंमत. मी घेतला, खाल्ला नाही, खिशात ठेवला. पुरावा म्हणून. दुपारी खिशात मुंग्या.

शनिवार, १७ जानेवारी
हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

अमृत सर आले. मी म्हटलं, चला, मुद्देमाल दाखवतो. सरांना घेऊन केळीत गेलो. मागून मॅडम आणि मुलं. नाना आदल्या दिवशीच सुरतहून परतलेले, शाळेकडच्या ओळीतच उभे. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. नंबर, खाली माझी सही. अमृत सर एकेक वाचत चालले. चौदा, पंधरा, सोळा. मला वाटलं, पकडली.

मग नाना बोलले. पोरांनी भिंतीवरून येऊन चार ओळींचे घड उघडे केले होते, ऐन थंडीत. गड्याला वाटलं, नानांनीच काढायला लावल्या, म्हणून तोही बोलला नाही. काही घडांना पिशव्या परत घालायच्या आधीच चटका बसला होता. साल काळपट पडलेली. नानांनी केळ्यांची एक फणी हातात धरली आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं,
"गुरुजी, तुमना माशाले थंडी वाजस का? मनी केळीले वाजस."

मी शर्टाचा डाग बघत राहिलो. रूपाली रडायला लागली.

मॅडम पुढे झाल्या. म्हणाल्या, "नाना, गुरुजींना माहीत नव्हतं. कळल्याबरोबर त्यांनीच आम्हाला पिशव्या परत घालायला पाठवलं. म्हणून तर नंबर टाकले, हिशोब राहावा म्हणून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. कोणत्या दिशेने, आठवत नाही.

अमृत सरांनी माझा अर्ज घडी करून खिशात ठेवला.

सोमवार, १९ जानेवारी
ठरलं. नानांना खरं काय ते सांगायचं, मॅडमची माफी मागायची, अर्ज मागे घ्यायचा. उद्या नक्की.

मंगळवार, २० जानेवारी
नाना घाईत दिसले. म्हणजे बसलेले होते, पण घाईत असल्यासारखे. मॅडमच्या वर्गात पाढे चालू होते, व्यत्यय नको म्हटलं. उद्या.

तसं पाहिलं तर, कळलं असतं तर मी परत घालायला सांगितलंच असतं. म्हणजे मॅडम बोलल्या ते अगदीच खोटं नाही. थोडं लवकर बोलल्या इतकंच. पण का बोलल्या? त्यांचा यात फायदा काय? दोन तास विचार केला, सापडला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी
घसा बसलाय. आज बोलणं शक्य नाही.

शनिवार, २४ जानेवारी
शिरपूर. प्रदर्शन. उरलेल्या पिशव्याही काल मुलांनी नेऊन घातल्या, मी अडवलं नाही. म्हणून नुसता सांगाडा नेला आणि पोटात पाकिटं. पाटीवर लिहिलं, "माशाचा अंत". वाटलं, चालून जाईल.

परीक्षक बाईंनी रूपालीला विचारलं, एवढी पाकिटं कुठून गोळा केली? पोरगी खरं बोलते. म्हणाली, तोतारामच्या दुकानातून. एकतीस मी एकटीने खाल्ली. आई घेऊ देत नव्हती, पण गुरुजींनी मागवलीत म्हटल्यावर दिली. बाईंनी विचारलं, मग आधी गावात इतकं प्लास्टिक नव्हतं का? रूपाली म्हणाली, नव्हतं, आम्ही केलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

सहभागाचंही सर्टिफिकेट नाही. छापलेली संपली म्हणाले.

सोमवार, २६ जानेवारी
झेंडावंदन. गाव जमलेलं. अमृत सर पाहुणे. नाना भाषणाला उभे राहिले, कधी नाही ते. म्हणाले, पोरांकडून चूक झाली, माझे काही घड गेले, जाऊ द्या. पण यांचा मास्तर असा की त्याने चूक झाकली नाही. पोरांना स्वतःच्या हाताने एकेक पिशवी परत घालायला लावली. माझ्या नातवाला असा मास्तर मिळो.

मग शाल, नारळ आणि समितीचं सर्टिफिकेट. माझं पूर्ण नाव, सोनेरी अक्षरांत, शिरपूरहून छापून आणलेलं. खाली लिहिलेलं: सत्य शिकवणारे गुरुजी.

टाळ्या पडल्या. रूपाली दोन्ही हात वर करून वाजवत होती. मॅडमही वाजवत होत्या, तशाच हसत. मी त्या हसण्यात काहीतरी शोधलं, टोमणा, काहीही. नव्हतं. हार घालताना अमृत सर वाकले आणि कानात म्हणाले, अर्ज अजून माझ्याकडे आहे, तुम्ही कधी घेऊन जाताय?

दोन शब्द बोला म्हणाले. माइकसमोर उभा राहिलो. समोर सगळी पोरं. आता सांगायचं, असं ठरवलंही होतं. तोंडातून निघालं, धन्यवाद. एकच शब्द झाला.

घरी आल्यावर बायकोने सर्टिफिकेट दोनदा वाचलं. म्हणाली, भुसावळला फोन करा, तेहेतीस वर्षं वाट बघितलीत. हॉलमध्ये कुठे लावू?

म्हटलं, नको लावू. कपाटात ठेव, इन्कम टॅक्सच्या फायलीखाली.

तिने विचारलं, का? मी नारळ फोडायला मागे गेलो.